सोलर टाकायचाय? पॅनेलच्या कोटेशनआधी जागेचा झोन बघा



सोलरवर व्हिडिओ टाकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, एका मेगावॉटला खर्च किती आणि सुटतात किती?" दुसरा प्रश्न सबसिडीचा. तिसरा, कुठल्या कंपनीचं पॅनेल घ्यायचं. माझी जागा कुठल्या झोनमध्ये येते, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि गाडी अडते ती नेमकी तिथंच. कोटेशन हातात, बँकेत फाईल गेलेली, मुलाला गावी थांब म्हणून सांगून झालेलं, आणि मग कळतं की गटातून डीपीचा रस्ता जातोय.

म्हणून आज पॅनेलबद्दल फार बोलायचं नाही. जागेबद्दल बोलायचं. हवेत नको, एक गाव धरून बोलू : मैंदर्गी, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर. कर्नाटकची सीमा जवळ, बाजारात मराठीइतकीच कन्नड ऐकू येते, पाऊस बेभरवशाचा आणि ऊन मात्र भरपूर. हे गाव घेण्याचं कारण वेगळंच आहे. गाव लहान, पण इथं ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद आहे. अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी अशा तीन नगरपरिषदा. ही एक गोष्ट तुमच्या सोलरच्या कागदांचा रस्ताच बदलते.

हद्दीच्या आत की बाहेर?

आपल्याकडे छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत नुसती घरं नसतात, शेतंही असतात. आता समजा, तुमची चार एकर हद्दीच्या आत आहे आणि बांधाला लागून असलेली चुलत्यांची चार एकर शेजारच्या गावच्या शिवारात. माती तीच, ऊन तेच, खांबसुद्धा तोच. पण सरकारी कागदावर या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

नगरपरिषदेच्या हद्दीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालची विकास योजना लागू होते. तिलाच आपण डीपी म्हणतो. या नकाशात प्रत्येक तुकड्याला रंग असतो. पिवळा पट्टा राहण्यासाठी, हिरवा शेतीसाठी, शिवाय उद्योगाचा वेगळा. आणि रंगाच्या वर आणखी एक थर असतो, तो लोक बघतच नाहीत : आरक्षण. शाळेचं मैदान, बाग, स्मशानभूमी, बाजार, रुंद होणारा रस्ता. जमीन तुमच्या नावावर, सातबारा कोरा, आणि तरी नकाशात तिच्यावर 'खेळाचे मैदान' असा शिक्का असू शकतो. सातबाऱ्यावर हे दिसेलच असं नाही. ते नगररचनेच्या नकाशात दिसतं.

हद्दीच्या बाहेर गेलात की प्रादेशिक योजना लागू असेल तर तिचा नकाशा, आणि जमीन वापरासाठी महसूल खातं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत पूर्वी कलम ४२ आणि ४४ खाली अकृषिक परवानगी, म्हणजे आपलं 'एनए', हा एकच दरवाजा होता. २०१४ नंतर त्यात ४२-अ ते ४२-ड ही कलमं आली. त्यांचा साधा अर्थ असा की जिथं डीपी किंवा प्रादेशिक योजनेनं वापर आधीच ठरवून दिलाय, तिथं त्या वापरासाठी पुन्हा वेगळी एनए परवानगी मागायची नाही, ठरलेला कर आणि आकारणी भरायची. ४२-ड गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीबद्दल आहे. म्हणजे बघा, चुलत्यांची जमीन त्या गावठाणापासून दीडशे मीटरवर आहे की अडीचशे, यावरही कागद बदलतो.

म्हणून पहिलं काम काय? झोन दाखला आणि त्याच्यासोबत भाग नकाशा काढा. हद्दीत असाल तर नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. बाहेर असाल तर सोलापूरला नगररचना विभागाच्या कार्यालयात. सोबत ताजा सातबारा आणि गटाचा मोजणी नकाशा जोडा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर पंधरा रुपयांत मिळतो, त्यासाठी तलाठ्याची वाट बघायला नको. एजंटनं मोबाईलवर दाखवलेली गुगल मॅपची टाचणी म्हणजे दाखला नव्हे, हे मी प्रत्येक बॅचमध्ये सांगतो.

शेती झोन आहे म्हणजे संपलं का?

नाही. उलट इथंच बरेच जण विनाकारण माघार घेतात.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. बृहन्मुंबई आणि आणखी काही ठरावीक क्षेत्रं सोडली तर राज्यभर, मैंदर्गीसारख्या नगरपरिषदांनाही तीच लागू आहे. आधी प्रत्येक गावाची वेगळी नियमावली असायची, आता पुण्याचा इंजिनिअर आणि अक्कलकोटचा इंजिनिअर एकच पुस्तक उघडतो. या पुस्तकात शेती झोनमध्ये काय काय चालतं त्याची लांबलचक यादी आहे, आणि अपारंपरिक स्रोतांपासून वीजनिर्मिती तिच्यात आहे. पॅनेलखाली झाकली जाणारी जागा बांधकाम क्षेत्रात धरली जात नाही. हे फार मोठं आहे, कारण नाहीतर चार एकर पॅनेल म्हणजे चार एकर बांधकाम झालं असतं.

पण कंट्रोल रूम, वॉचमनची खोली, इन्व्हर्टरची शेड, ही बांधकामंच आहेत. त्यांचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, रस्त्यापासून आणि बांधापासून सोडायचं अंतर पाळावं लागतं. लोक पॅनेलचं सगळं नीट करतात आणि दहा बाय बाराच्या खोलीपायी नोटीस खातात.

"सोलरला एनए लागतच नाही" हे वाक्यही तुमच्या कानावर येईल. ऐकून घ्या, विश्वास ठेवू नका. सवलत असते ती एखाद्या धोरणात किंवा योजनेत बसणाऱ्या प्रकल्पाला. तुमच्या गट नंबरला ती जन्मतः चिकटलेली नसते. मागा : "कुठल्या शासन निर्णयाखाली? माझा प्रकल्प त्यात बसतो हे मला लेखी कोण देणार?" एवढे दोन प्रश्न विचारले की समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळतं.

सीमेपलीकडे अफजलपूर, आळंद, इंडीकडे आपले पाहुणे असतात. त्यांनी प्रकल्प केला असेल तर त्यांचा अनुभव जरूर विचारा, पण त्यांचे कागद आपल्याकडे चालत नाहीत. तिकडं कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ आहे, रूपांतर त्याच्या कलम ९५ खाली होतं. पाच-दहा किलोमीटरवर कायदा बदलतो, हे सीमेवरच्या धंदेवाल्याला नव्यानं सांगायला नको.

जमीन भाड्यानं द्यायची असेल तर

इथं जरा सावकाश जाऊ, कारण इथं पंचवीस वर्षांचा प्रश्न आहे. आज तुम्ही तीस वर्षांचे असाल तर करार संपताना पंचावन्नचे असाल. वडिलांची सही असेल तर करार संपवणारी सही बहुतेक तुमच्या मुलाची असेल.

राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची सुरुवातीची गावं. कल्पना अशी की उपकेंद्राजवळच छोटा प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. २०२३ मध्ये योजनेचं २.० रूप आलं आणि भाड्याचा दर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार झाला, किंवा नोंदणी व मुद्रांक विभागानं ठरवलेल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, दोन्हींत जे जास्त असेल ते. सव्वा लाख हेक्टरी म्हणजे एकरी साधारण पन्नास हजार. २.० मधला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला.

आता दरवाढ. दरवर्षी ३ टक्के. पण सरळ पद्धतीनं, मूळ दरावर. चक्रवाढ नाही. फरक किती पडतो? वहीत मांडा. सव्वा लाखावर ३ टक्के म्हणजे ३ हजार ७५०. दरवर्षी तेवढेच वाढणार. पंचविसाव्या वर्षी हेक्टरी २ लाख १५ हजार. हीच वाढ चक्रवाढ असती तर पंचविसाव्या वर्षी २ लाख ५४ हजार झाले असते. आणि पंचवीस वर्षांपूर्वी ज्वारीचा भाव काय होता, सोन्याचा काय होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मग ठरवा हे भाडं तुम्हाला परवडतं का. मी नको म्हणत नाही. कोरडवाहू, मुरमाड, चार वर्षांतून एकदा तूर नीट येणाऱ्या जमिनीला एकरी पन्नास हजार ठरलेले मिळणं ही चांगली गोष्ट आहे. बोरीच्या पाण्याखाली ऊस निघणाऱ्या जमिनीला तोच हिशोब लावू नका.

तुलनेला कर्नाटकातलंच पावगडा घ्या. तुमकूर जिल्ह्यात सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचं सोलर पार्क उभं आहे. तिथं जमीन विकत घेतली नाही, शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतली. सुरुवातीचा दर एकरी २१ हजार, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडे राहिली हे चांगलं झालं. पण ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, जे त्याच शेतांवर रोजानं जायचे, त्यांचं काम गेलं आणि भाड्यात त्यांना वाटा नव्हता. तुमच्या चार एकरांवरही वर्षानुवर्षं कुणीतरी खुरपायला येत असेल. प्रकल्पाच्या वॉचमनचं, गवत काढण्याचं काम आधी त्यांना मिळेल, एवढी ओळ करारात घालायला काही खर्च येत नाही.

करारात बाकी काय बघायचं? वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा, नोटरीचा कागद चालत नाही. कंपनीनं प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर भाडं कोण देणार ते लिहून घ्या. मुदत संपल्यावर सिमेंटचे फाउंडेशन कोण उखडणार, किती दिवसांत उखडणार, तेही. ते राहिले तर त्या रानात नांगर चालणार नाही. त्या क्षेत्रावर पीक पाहणीत पीक दिसणार नाही, म्हणजे तेवढ्यापुरतं पीक कर्ज आणि पीक विमा विसरायचा. सोसायटीचं कर्ज उभं असेल तर आधी ते बोलून घ्या. आणि भावाची, बहिणीची, आत्याची वारसनोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या. बहिणीला विचारलं नाही म्हणून अडकलेले करार मी झोनमुळे अडकलेल्यांपेक्षा जास्त बघितलेत.

भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल, इनाम-वतनाची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढं पाऊल टाकू नका. आणि "तुमची जमीन सोलरसाठी निवडली गेली आहे, नोंदणी फी भरा" असा मेसेज आला तर सरळ डिलीट. कुसुम योजनेच्या नावानं बनावट वेबसाईट निघाल्याचा इशारा केंद्राच्या नवीन ऊर्जा मंत्रालयानंच दिलेला आहे. जमिनीची नोंद महावितरणच्या पोर्टलवर करायची असते, कुणाच्या फोन-पेवर नाही.

स्वतः प्रकल्प टाकायचा विचार असेल तर

पीएम-कुसुम योजनेच्या 'अ' घटकात शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प करू शकते. जागा उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत हवी. एका मेगावॉटला चार-पाच एकर धरा. वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट आणि युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर धरला तर पंचेचाळीस लाखांची विक्री दिसते. आकडा बघून हुरळू नका, गुंतवणूक कोटींत आहे आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. शिवाय सोलापूरच्या उन्हाचं एक गंमतशीर गणित आहे. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. पॅनेलचं तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात आपल्याकडे हवाच चाळीसच्या वर असते, पॅनेल त्याहून कितीतरी तापतं.

पाच किलोमीटरचा नियम वाचून लोक नकाशावर वर्तुळ काढतात. वर्तुळ नाही, तार बघा. उपकेंद्रापर्यंतची लाईन कुणाच्या रानातून जाणार, रेल्वे ओलांडावी लागणार का, ओढा आहे का. उपकेंद्रात आणखी वीज घ्यायला जागा शिल्लक आहे का, हे महावितरणकडून आधी लेखी घ्या.

आणि रस्ता. पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, खडी घेऊन येणारी गाडी बैलगाडीच्या वाटेनं जात नाही. तुमच्या गटाला नकाशावर रस्ता आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर वहिवाट चाललीय? नकाशावरचा किंवा पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून मागता येतो. दोन्हीला वेळ लागतो. शेजाऱ्याशी आधी बोललात, वाटल्यास त्याच्या विहिरीपर्यंतचा रस्ता तुमच्या खडीनं करून दिलात, तर तहसील कार्यालयाची पायरी कदाचित चढावीच लागणार नाही.

गायरानाबद्दल एक शब्द. २.० योजनेत सरकारी जमिनीही प्रकल्पांना दिल्या जातात. आपल्या भागात मेंढपाळ आहेत, आणि कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन त्यांच्यासाठी पडीक नसते. याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, तेही अशाच माळरानामुळे. गायरानावरच्या प्रकल्पाचं एखादं काम तुम्हाला मिळणार असेल तर ग्रामसभेत काय बोलणं झालं ते आधी ऐका. गाव विरोधात असेल तर तुमचा ट्रॅक्टर पहिल्या दिवशी अडवला जाईल.

जमीनच नाही? मग छत

मला विचाराल तर मैंदर्गीसारख्या गावात नव्या माणसाला खरा धंदा इथं आहे. इथं झोनची कटकट जवळजवळ नाही.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. घराच्या छतावर २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार, आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार अनुदान. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. हे अनुदान घरगुती ग्राहकाला आहे, दुकानाला आणि पिठाच्या गिरणीला नाही. दुकानदाराला नेट मीटरिंग मिळतं, पण अनुदानाचं आमिष दाखवून त्याला गिऱ्हाईक करू नका, गाव लहान आहे.

अडचण येते ती दोन जागी. एक, जुन्या घरांची माळवदं. मातीच्या माळवदावर स्ट्रक्चरचा बोल्ट धरत नाही आणि वजनही झेपत नाही. स्लॅब आहे का, पत्रा असेल तर खालचा सांगाडा कसा आहे, हे वर चढून बघितल्याशिवाय दर सांगू नका. दोन, नावं. घरपट्टी आजोबांच्या नावानं, वीजबिल काकांच्या, राहतो नातू. अर्ज वीजबिलावरच्या नावानं होतो, त्यामुळे आधी नाव बदलून घ्यावं लागतं. हे काम करून देणारा माणूस गावात असला तर लोक त्याच्याकडेच येतात, मग पॅनेल कुठल्या का कंपनीचं असेना. बसवण्याचं काम अनुदानात करायचं तर नोंदणीकृत विक्रेताच लागतो. नवीन असाल तर पहिलं वर्ष अशा विक्रेत्याचा गावातला माणूस म्हणून काम करा : छताची पाहणी, कागदपत्रं, आणि बसवल्यानंतरची धुलाई.

धुलाईवरून आठवलं. हातात घ्यायला लगेच जमणारा हा सगळ्यात छोटा धंदा. रस्त्याकडेच्या घरांवर, गिरणीशेजारच्या छतावर धूळ बसते आणि वीज कमी होते, ग्राहकाला मात्र ते बिल वाढल्यावर कळतं. लागतं काय? लांब दांड्याचा मऊ ब्रश, पाण्याचा पाईप, कमरेला बांधायचा पट्टा आणि दोर. पाणी सकाळी लवकर मारा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा. दर घरटी नको, पॅनेलमागे ठरवा, आणि महिन्याचं ठरवून घ्या. उन्हाळ्यात टँकर चालू झाला की पाण्याचे पैसे वेगळे, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.